युनिटासचं सामान

थँक्सगिव्हिंगच्या दिवशी जेवणं उरकली, की अमेरिकेतल्या घराघरांत एक जडशी सुस्ती उतरते. टर्की अंगावर आलेली असते, पाय सोफ्यावर गेलेले असतात, टीव्हीवर डॅलसचा सामना कुणी बघत असतं, तर कुणी डोळे मिटून नुसता ऐकत असतं. अशा वेळी कोपऱ्यातून कुणीतरी पुटपुटतं, ‘ब्रेडी चांगलाच आहे हो, पण युनिटासच्या काळात टिकला असता का?’ आणि पेंगुळलेली बैठक खडबडून जागी होते. मेरीलँडमधल्या आमच्या शेजाऱ्यांकडे सर्वश्रेष्ठ क्वार्टरबॅक कोण हा वाद मी वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे. मर्चंट मोठा की गावसकर, गावसकर मोठा की तेंडुलकर, यावर ज्याच्या लहानपणच्या कित्येक संध्याकाळी खर्ची पडल्या, त्याला या वादात परकं वाटण्याचं कारण नाही. नावं तेवढी वेगळी. आवाज चढण्याची जागासुद्धा तीच.

अमेरिकन फुटबॉल न पाहिलेल्यांसाठी सांगायचं, तर क्वार्टरबॅक म्हणजे अकरा जणांतला तो एक, ज्याच्या हाती चेंडू येताच समोरचे सव्वाशे-दीडशे किलोचे धटिंगण त्याला लोळवायला झेपावतात. त्याच्यापाशी असतात दोन-तीन सेकंद. तेवढ्यात त्याने चेंडू फेकायचा, आणि तोही धावणाऱ्या सोबत्याकडे नव्हे, तर तो सोबती पोचणार असेल त्या रिकाम्या जागेकडे. जे अजून घडलेलं नाही, त्याच्यावर भरवसा ठेवण्याचा हा धंदा आहे. त्यामुळे या लोकांविषयी बोलणारेही जे कधीच घडणार नाही त्यावर तावातावाने बोलतात, यात नवल ते काय?

शेजारचे म्हातारेबुवा जॉनी युनिटासचे. बाल्टिमोरमध्ये वाढलेल्या त्यांच्या वयाच्या माणसाला दुसरा पर्यायच नव्हता. युनिटासची गोष्ट सांगताना ते अजून पुढे सरकून बसतात. 1955 साली पिट्सबर्गच्या संघाने त्याला नवव्या फेरीत निवडलं आणि एकाही सामन्यात न खेळवता घरी पाठवलं. मग गडी आठवडाभर बांधकामावर राबायचा आणि ब्लूमफील्ड रॅम्स नावाच्या अर्धव्यावसायिक संघाकडून सामन्यामागे सहा डॉलर घेऊन खेळायचा. 1956 मध्ये बाल्टिमोर कोल्ट्सने त्याला घेतलं. तिथे खेळायची पहिली खरी संधी मिळाली, त्या सामन्यात त्याने फेकलेला पहिलाच चेंडू प्रतिस्पर्ध्याने झेलला आणि थेट टचडाउनपर्यंत नेला. अशी पायाभरणी झालेला हा माणूस दोनच वर्षांनी, 28 डिसेंबर 1958 ला, न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर अंतिम सामना खेळत होता. शेवटच्या दोन मिनिटांत रेमंड बेरीकडे लागोपाठ तीन पास, अवघे सात सेकंद उरले असताना बरोबरी, आणि मग ओव्हरटाइममध्ये 23-17 असा विजय. त्या ओव्हरटाइमच्या ऐन रंगात टीव्हीवरचं चित्र गेलं. एक केबल निखळली होती म्हणे. म्हातारेबुवांच्या वडिलांनी तेव्हा टीव्हीच्या डोक्यावर अशी एक थाप मारली, की पुढे चित्र आलं ते आपल्याच थापेने, असं त्यांना मरेपर्यंत वाटत राहिलं.

माझा नातू पॅट्रिक माहोम्सचा. न बघता पास देणारा, धावता धावता कमरेतून वाकून चेंडू भिरकावणारा. ‘आबा, तू स्टॅट्स बघ ना,’ एवढंच त्याचं म्हणणं. आणि स्टॅट्स बघावेत, तर म्हातारेबुवांची केस उभीच राहत नाही. युनिटासचे टचडाउन पास 290 आणि प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेलेले 253. ब्रेडीचे अनुक्रमे 649 आणि 212. पण इथेच तर म्हातारेबुवा वाट बघत बसलेले असतात. 1978 साली नियम बदलले, हे ते एखाद्या फितुरीची हकीकत सांगावी तसं सांगतात. त्याआधी चेंडू झेलायला धावणाऱ्याला बचाव करणारे वाटेल तिथवर ढकलत, अडवत, आडवा करत. मग ठरलं, की पहिल्या पाच यार्डांपलीकडे हात लावायचा नाही. शिवाय क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्यांना हात लांब करून समोरच्याला थोपवायची मुभा मिळाली. सहाच वर्षांनी मायामीच्या डॅन मरिनोने एका मोसमात 5084 यार्ड फेकले. युनिटास 1973 मध्येच थांबला होता.

तोलायला काटा म्हणून लीगने त्याच 1973 साली पासर रेटिंग नावाचं सूत्र स्वीकारलं. या सूत्राचा मी चाहता आहे. यात पैकीच्या पैकी गुण म्हणजे 158.3. शंभर नाही, दीडशे नाही, एकशे अठ्ठावन्न पूर्णांक तीन. त्याहून गंमत म्हणजे एखाद्याने दिवसभर प्रत्येक चेंडू समोरच्या गवतात आपटला, एकही पास कुणाच्या हाती पडू दिला नाही, तरी त्याला 39.6 गुण मिळतात. आमच्या एसएससी बोर्डाच्या हिशेबाने तो पास. बाकी सॅमी बॉने 1943 मध्ये पास फेकण्यात, चेंडू लाथाडण्यात आणि प्रतिस्पर्ध्यांचे पास झेलण्यात, अशा तिन्ही बाबतींत लीगमध्ये पहिला नंबर पटकावला होता. ऑटो ग्रॅहम दहा मोसम खेळला आणि दहाही वेळा अंतिम सामन्यात पोचला. त्यांना या काट्यावर चढवायचं म्हणजे काट्याचीच कीव यावी.

मग उरतो तो एकच मार्ग: एकाला उचलून दुसऱ्याच्या काळात नेऊन ठेवायचा. युनिटासला आज आणा, ब्रेडीला 1958 मध्ये पाठवा. बोलायला एवढं सोपं. पण आम्ही देश सोडून आलेली माणसं सामानाच्या बाबतीत हळवी. मुंबईहून निघताना तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा काट्यावर चढवायच्या, उतरवायच्या, मेतकूट काढून गोडा मसाला घालायचा, मसाला काढून फोटोंचा अल्बम घालायचा, हे ज्याने केलंय त्याला पहिला प्रश्न सुचतो: बरोबर काय काय न्यायचं? युनिटासला आज आणलं, तर त्याला आजचा आहार द्यायचा का? आजचा व्यायाम? तो आपल्या चाली मैदानात स्वतः ठरवायचा. 1994 पासून हेल्मेटमधल्या रेडिओवर प्रशिक्षक बोलत असतो. तो रेडिओ त्याच्या कानात घालायचा की राहू द्यायचा? आणि ते सहा डॉलर? ती बांधकामावरची वर्षं? ती काढून घेतली तर आपण आणलंय कोणाला? तिकडे ब्रेडी. टोमॅटोसुद्धा न खाणारा हा माणूस 1958 च्या खेळाडूंच्या पंगतीला बसला तर काय खाईल, या काळजीने मला एकदा खरोखरच झोप लागली नव्हती.

आणखी एक अडचण मला अलीकडे दिसू लागली आहे. टॉम ब्रेडी चार वर्षांचा असताना, 10 जानेवारी 1982 ला, आईवडिलांबरोबर सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅंडलस्टिक पार्कमध्ये बसला होता. जो मॉन्टानाने त्या दिवशी ड्वाइट क्लार्ककडे उंच फेकलेला पास आजही गाजतो. पोराने मात्र पूर्वार्ध रडण्यात घालवला, कारण फोमचा भला मोठा पंजा मिळतो तो आईवडील घेऊन देईनात. पण त्याचा देव ठरला तो मॉन्टाना. मॉन्टानाचा लहानपणचा देव जो नेमथ. आणि नेमथ? बीव्हर फॉल्सच्या शाळेत तो पाठीवर 19 नंबर मिरवायचा, युनिटासचा नंबर. पुढे 1969 च्या जानेवारीत त्याच नेमथने कोल्ट्सना सुपर बोलमध्ये हरवलं, तेव्हा दुखऱ्या कोपराचा युनिटास शेवटी शेवटी मैदानात उतरला होता. म्हणजे युनिटासला 1958 मधून उचललं, की नेमथच्या पाठीवर नंबर नाही, मॉन्टानाच्या भिंतीवर नेमथ नाही, आणि ब्रेडी त्या दिवशी नुसताच पंजासाठी रडलेला. ज्याच्याशी तुलना करायची तोच गायब.

ओहायोतल्या कॅन्टन गावी यांतल्या जुन्या क्वार्टरबॅकचे ब्राँझचे अर्धपुतळे एका दालनात मांडलेले आहेत. रात्री दिवे मालवले की ते एकमेकांशी बोलतात, असा आपला विश्वास असल्याचं प्रशिक्षक जॉन मॅडन 2006 साली तिथल्या भाषणात म्हणाला होता. श्रेष्ठ कोण, यावर ते बोलत असतील असं मला वाटत नाही. बहुधा गुडघ्यांवर बोलत असतील. अर्धपुतळ्यांना गुडघे नसतात, पण म्हणून गुडघ्यांनी जन्मभर छळलेला नेमथ गप्प बसेल थोडाच.

या खेपेला मी ही युनिटासपासून ब्रेडीपर्यंतची साखळी बैठकीत मांडली. नातवाने क्षणभर विचार केला आणि तोडगा काढला: युनिटासला फक्त एका सामन्यापुरतं आणायचं, खेळ झाला की परत नेऊन सोडायचं, म्हणजे मागचं काही बिघडणार नाही. मला हे पटलं. म्हातारेबुवा मात्र बराच वेळ आपल्याच उजव्या हाताकडे बघत होते. मग त्यांनी युनिटासचे शेवटचे दिवस सांगितले. ज्या हाताने जग जिंकलं त्याची बोटं मिटेनाशी झाली होती. गोल्फ खेळताना तो डाव्या हाताने उजव्याचं एकेक बोट काठीभोवती वळवायचा आणि वरून वेल्क्रोचा पट्टा आवळायचा. 2002 च्या सप्टेंबरमध्ये, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी तो गेला.

‘आणा त्याला,’ ते नातवाला म्हणाले, ‘माझी हरकत नाही. पण खेळायला नको. आता हाताचे डॉक्टर चांगले मिळतात, त्यांना दाखवू.’

‘मग सामना?’

‘सामना राहू दे. आणि रविवारी आणू नकोस, दवाखाना बंद असतो. सोमवारी आण.’