अंतर दुप्पट, चूक चौपट

आमच्या सोसायटीत त्यांना सगळे कर्नल म्हणतात. फौजेशी त्यांचा संबंध एवढाच, की बँकेत असताना काही वर्षं ते पेन्शनच्या काउंटरवर बसायचे. हुद्दा मिळाला तो निवृत्तीनंतर, ज्या रविवारी ते पुण्याच्या जुन्या बाजारातून स्कूटरवर मीटरभर लांबीची हिरवट नळी आडवी बांधून निघाले, त्या दिवशी. नाकाबंदीवरच्या हवालदाराने "हे काय?" विचारलं. कर्नलांनी खरं ते सांगितलं, "मशीनगनवाल्यांचं आहे." एवढं बोलून थांबायचं नसतं, हे त्यांना चौकीत कळलं.

नळी ग्लासगोच्या बार अँड स्ट्राउड कंपनीचा रेंजफाइंडर निघाली. विकणाऱ्याच्या लेखी ती दुर्बीण होती, आणि चित्र मधोमध फाटलेलं दिसतं म्हणून त्याने भावही उतरवला होता. पण ते फाटणं हीच तर मेख! दोन टोकांना दोन खिडक्या. प्रिझममधून फिरून येणाऱ्या चित्राचा वरचा अर्धा भाग एका खिडकीचा, खालचा दुसरीचा. पर्वतीचा कळस एकीकडे, खांदे दुसरीकडे. चाक फिरवत दोन्ही जुळवायचे. जुळले की पट्टीवर अंतर, यार्डांत. हजार मीटरवरची वस्तू या दोन खिडक्यांशी जो कोन करते तो जेमतेम साडेतीन मिनिटांचा, म्हणजे एका अंशाच्या सतराव्या हिश्श्याइतका. सगळा हिशेब तेवढ्यावर. "म्हणून अंतर दुप्पट, की चूक चौपट," कर्नल सांगतात. तेव्हापासून त्यांना साधं काही विचारायची सोय उरलेली नाही. सातारा किती लांब म्हटलं, की ते आधी विचारतात, "थोडंफार इकडेतिकडे किती चालेल तुम्हाला?"

दोन-अडीचशे यार्डांच्या आतलं काही या यंत्राला मोजता येत नाही, त्यामुळे शेजाऱ्यांना भीती नव्हती. पंचाईत कर्नलांचीच झाली. समोर एकेक इमारत रीडेव्हलपमेंटला गेली आणि गच्चीवरून दिसणारी लांबची ठिकाणं एकामागून एक झाकली गेली. मोबाइल टॉवरविरुद्ध सोसायटीने ठराव आणला, तेव्हा विरोधात एकच हात वर होता. चित्राचे दोन तुकडे जुळवायला सरळसोट उभी रेघ लागते, आणि तशी रेघ हल्ली देवळांपेक्षा टॉवरच देतात, असं त्यांनी सभेला समजावलं. इतिवृत्तात 'एका सभासदाने तांत्रिक कारण दिले' अशी नोंद आहे.

यंत्र वरचेवर जुळवून घ्यावं लागतं. त्यासाठी एक पट्टी असते. तिच्यावरच्या दोन खुणांमधलं अंतर खिडक्यांमधल्या अंतराइतकंच. ती लांब धरून उभं राहण्याचं काम वॉचमनकडे. पट्टी नसेल तर चंद्र चालतो. तो इतका लांब, की यंत्राच्या दृष्टीने अनंतावरच. म्हणून संकष्टीला चंद्रोदयाची वाट या घरात काकूंपेक्षा कर्नल जास्त बघतात. "अहो, मला नैवेद्य दाखवायचाय," काकू ताट घेऊन उभ्या, आणि हे अनंत जुळवतायत. उन्हाने नळी एका अंगाने तापली की माप बिघडतं, म्हणून काकूंची सोलापुरी चादरही कायमची गच्चीवर गेली.

बार आणि स्ट्राउड हे लीड्सचे प्राध्यापक. एक इंजिनिअरिंगचा, दुसरा भौतिकशास्त्राचा. 1888 मध्ये ब्रिटिश लष्कराची जाहिरात वाचून ते कामाला लागले. लष्कराने त्यांचं यंत्र चाचणीत नापास केलं; पुढे आरमाराने घेतलं. हा किस्सा कर्नल असा सांगतात, जणू नकार त्यांच्या पोरीलाच आला होता. त्यांचे एक स्नेही मात्र जर्मन पक्षाचे. तिकडच्या झाइस कंपनीच्या यंत्रात दोन्ही डोळ्यांनी बघून खोली जोखावी लागते, आणि 1916 च्या जटलंडच्या आरमारी लढाईत सुरुवातीला जर्मनांचेच गोळे नेमके पडत होते, हे ते दर भेटीत ऐकवतात. इंग्रजांनी अंतर जास्त धरलं होतं, गोळे पार पलीकडे गेले, हेही वर. कर्नल शांतपणे म्हणतात, "तुमच्या यंत्राला दोन सारखे डोळे लागतात. तेवढे आता आपल्या दोघांत मिळून आहेत का?" कर्नलांचा डावा डोळा मोतीबिंदूच्या तारखेची वाट बघतोय. बार अँड स्ट्राउडला उजवा पुरतो.

गेल्या दिवाळीत मुलाने लेझरचा रेंजफाइंडर आणला. मुठीत मावणारा. "बाबा, बटण दाबा." टॉवरवर रोखून दाबलं, आकडा आला 840 मीटर. कर्नलांनी त्याचे यार्ड केले, 919. मग चादर बाजूला सारून नळीला डोळा लावला, तीनदा माप घेतलं, सरासरी काढली : 925. दोन्ही आकडे वहीत चढले. लेझरच्या आकड्यासमोर त्यांनी लाल शाईत बँकेतला शेरा मारला, 'फरक सहा यार्ड. खुलासा मागवावा.'