भाऊंचा बॅनर: पेन टॅबधारकांसाठी मार्गदर्शिका

पेन टॅबच्या खोक्यावर एक आकडा ठळक छापलेला असतो: दाबाच्या ८१९२ पातळ्या. पेन पाटीवर किती जोराने टेकवले हे टॅबला इतक्या बारकाईने कळते, असा त्याचा अर्थ. नागपुरात बॅनरची कामे घेणाऱ्या नवोदिताने हा आकडा वाचून हुरळून जाऊ नये. इथे दाब पेनातून येत नाही, खुर्चीच्या मागून येतो. खुर्चीच्या मागे भाऊ उभे असतात, भाऊंच्या मागे भाऊंचे कार्यकर्ते, आणि त्यातल्या प्रत्येकाचा फोटो बॅनरवर यायचा असतो. हा दाब मोजणारे यंत्र अजून बाजारात आलेले नाही. सदर मार्गदर्शिका या दाबाखाली काम करणाऱ्यांसाठी आहे.

प्रथम खरेदी. वॅकॉम ही जपानी कंपनी १९८३ साली निघाली. तिच्या पेनात बॅटरी नसते. पाटीखालच्या तारांची जाळी चुंबकीय क्षेत्र सोडते, पेनातली बारीक गुंडाळी त्याने जागी होते आणि आपण कुठे आहोत ते पाटीला कळवते. तंत्रज्ञान उत्तम आहे, पण त्याचा एक तोटा आहे. "सेल संपला, उद्या देतो" हे कारण भाऊंना देता येत नाही. हुइऑन, एक्सपी-पेन वगैरे चिनी टॅब स्वस्त पडतात म्हणून पाहायला जावे, तर त्यांचेही बरेचसे पेन आता बिनबॅटरीचेच येतात. ही पळवाट दोन्हीकडून बंद झाली आहे असे समजावे.

टॅब जोडल्यावर ड्रायव्हरमध्ये जाऊन पाटीचे आणि पडद्याचे प्रमाण जुळते आहे की नाही, ते पाहावे. न जुळल्यास आपण गोल काढतो आणि पडद्यावर अंडे उमटते. पुष्कळ लोक वर्षभर अंडी काढतात आणि हात बसला नाही असे समजून स्वतःला दोष देतात. हात बसायला दोन-तीन आठवडे पुरतात. डोळे मालिकेवर ठेवून पोळ्या लाटणाऱ्या बाईला जे जमते तेच इथे करायचे आहे: हात खाली, नजर समोर. खाली पाहू नये. खाली पाहिले की भाऊ विचारतात, "काय शोधून राहिला बे?"

नागपूरच्या हवामानाचा उल्लेख कंपनीच्या माहितीपुस्तिकेत नसतो. सोनेगावच्या वेधशाळेत २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदले गेले होते. अशा दिवशी तळहात पाटीला चिकटतो आणि भाऊंच्या भुवईची रेघ कानापर्यंत जाते. त्यासाठी दोन बोटांचा हातमोजा मिळतो. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट झाकणारा हा मोजा दिसायला अर्धवट वाटला तरी विदर्भात तो चैनीत मोडत नाही. कूलर समोर ठेवू नये, बाजूला ठेवावा. खसमधून उडालेला थेंब पाटीवर पडला तर टॅबला काही होत नाही, पण आपण तो पुसायला जातो आणि पेन हातातच असते.

तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटलेल्या हाताने पेन धरू नये. हे वाक्य वाचून ज्यांना राग आला, त्यांच्यासाठीच ते लिहिले आहे.

आणि खर्ऱ्याचा विषय निघालाच आहे तर मुख्य कामाकडे वळू. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी नागपूरच्या बॅनरशिल्पीचा अर्धा दिवस दात धुण्यात जातो. भाऊंचा हसरा फोटो येतो. दात पांढरे करणे हा जगभरचा धडा आहे: रंगछटेच्या खिडकीत जावे, पिवळा निवडावा, त्याची तीव्रता कमी करावी. हा धडा चहा-कॉफी पिणाऱ्या देशांत लिहिला गेला. आपल्याकडचा डाग पिवळा नसतो, कथ्थई-लाल असतो. लाल निवडून तीव्रता उतरवली की दातांबरोबर ओठही राखाडी पडतात आणि भाऊ शुभेच्छा स्वीकारण्याच्या पलीकडे गेलेले दिसतात. म्हणून दातांपुरता मास्क काढावा, तोही पेनाने, एकेक दात. पेन टॅबची किंमत इथेच वसूल होते. माउसने धुतलेले दात लांबून कवळीसारखे दिसतात. सगळे दात सारखे पांढरे करू नयेत. मागचे थोडे सावलीत राहू द्यावेत. सुपारी खाणाऱ्याची दाढ कागदासारखी पांढरी दिसली तर पानठेल्यावर चर्चा होते.

त्वचेबद्दलही तेच. "थोडा उजळ करून दे ना," ही मागणी नागपुरात रंगाविषयी नसते, प्रकाशाविषयी असते असे आपण मानून चालावे आणि प्रकाशच वाढवावा. उन्हात फिरणाऱ्या माणसाचा चेहरा दुधासारखा केला की मान विसरली जाते. चेहरा एका पक्षाचा आणि मान दुसऱ्याची, असे बॅनर शहरात कमी नाहीत. छिद्रे, सुरकुत्या, डाव्या गालावरचा तीळ हे जपावे. भाऊंना रोज चौकात पाहणाऱ्याने बॅनर पाहून "हे कोण?" असे विचारले तर पैसे वाया गेले, आणि ते आपले नव्हेत, भाऊंचे गेले.

हे सगळे कॉम्प्युटरने आणलेले पाप आहे असे जुने लोक म्हणतात. त्यांना म्हणू द्यावे, पण खरे तसे नाही. काचेच्या आणि फिल्मच्या निगेटिव्हच्या काळात चांगल्या स्टुडिओत रिटचर नावाचा वेगळा माणूस असे. उतरत्या मेजावर निगेटिव्ह ठेवायची, खालून आरशाने उजेड द्यायचा, वर एक चिकट द्रावण पुसायचे आणि सुईसारखे टोक काढलेल्या कडक पेन्सिलीने देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळे भरून काढायची. निगेटिव्हवर काळे केलेले छपाईत पांढरे होते, म्हणून त्याला सगळे उलटे पाहावे लागे. फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९९० साली आली. तोवर कित्येक आजोबा-आजींची लग्ने याच पेन्सिलीने उजळून निघाली होती. माउसने हे काम मनगटाकडून काढून घेतले होते, टॅबने ते परत दिले. त्या रिटचरला 'कंट्रोल-झेड' मात्र नव्हते. एखाद्या दिवशी ते न वापरता काम करून पाहावे. पेन आपोआप हळू चालते.

आता डोक्यांचा क्रम. मार्गदर्शिकेतील हे सर्वांत कठीण प्रकरण असून चित्रकला महाविद्यालयात ते शिकवत नाहीत. बॅनरवर सर्वांत मोठे डोके भाऊंचे असते असा बाहेरगावच्या लोकांचा समज आहे. ते आकाराने मोठे असते, मानाने नव्हे. मानाचे डोके वर, मधोमध, लहान वर्तुळात असते, आणि ते दिल्ली किंवा मुंबईचे असते. त्याच्या दोन्ही बाजूंना उतरत्या क्रमाने प्रदेश, जिल्हा, शहर आणि प्रभाग येतात. तळाशी शुभेच्छुक. तळातल्या तीस शुभेच्छुकांची डोकी एकाच मापाची हवीत. केसापासून हनुवटीपर्यंत मोजून घ्यावे, कारण ज्याच्या डोक्यावर केस कमी आहेत त्याचा चेहरा नुसत्या चौकटीत बसवला की मोठा दिसतो आणि शेजारचा रात्री साडेदहाला फोन करतो. "त्याचं डोकं काहून मोठं केलं बाप्पा?" या प्रश्नाला केशविरळतेचे उत्तर देऊ नये. "प्रिंटमध्ये बरोबर होऊन जाते," असे सांगावे.

हंगाम ओळखून असावे. १९५३च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी इथे भरते. डिसेंबरात सरकार नागपुरात उतरते तेव्हा विमानतळापासून वर्धा रोडने विधान भवनापर्यंत स्वागत करणाऱ्यांची दाटी होते. त्या दिवसांत डोक्यांचा क्रम दुपारी एक आणि संध्याकाळी दुसरा असू शकतो. म्हणून प्रत्येक नेता वेगळ्या लेयरवर, नाव देऊन, कुलूप लावून ठेवावा. लेयर कधीही मर्ज करू नयेत. पक्षांनी काय करावे हा त्यांचा प्रश्न आहे. आपल्याला ते रात्रीतून सुटे करता आले पाहिजेत.

डोकी बसवताना शिफ्ट दाबायची राहिली किंवा चुकून दाबली गेली, तर चेहरा उभा ताणला जातो. विचारल्यास बी. प्रभांचे नाव घेऊ नये. १९३३ साली नागपूरजवळच्या बेला गावी जन्मलेल्या या थोर चित्रकर्तीच्या कोळिणी उंच, सडपातळ, लांबट असतात हे खरे, पण ती त्यांची शैली होती. नगरसेवकाच्या बाबतीत ती चूक ठरते.

भाऊंच्या मागे वाघ हवा असतो. विदर्भात राहून वाघ इंटरनेटवरून उचलणे लाजिरवाणे आहे, तरी तेच केले जाते, आणि मग भाऊंच्या खांद्यामागून अंगभर केस वाढलेला सायबेरियाचा वाघ बर्फात उभा राहून डोकावतो. ताडोबाचा वाघ अंगाने आखूड केसांचा, मातीच्या रंगाशी जुळणारा. ओळखीच्या छायाचित्रकाराकडून परवानगीने फोटो घ्यावा, त्याचे नाव द्यावे. वाघावर ऊन डावीकडून येत असेल आणि भाऊंवर उजवीकडून, तर दोघांपैकी एकाला उलटे करावे. वाघाला करावे. भाऊंना केले तर भांग आणि शर्टाचा खिसा बाजू बदलतात आणि ते पहिल्यांदा भाऊंच्या सौभाग्यवतींच्या लक्षात येते.

रंग पडद्यावर पाहून ठरवू नये. पडद्यावरचा रंग उजेडाचा असतो, फ्लेक्सवरचा शाईचा. पडद्यावरचा झगझगीत निळा छापताना जांभळा होतो, कारण शाईत निळसर सायनच्या जोडीला गुलाबी मॅजेन्टा जास्त पडतो. दोन्हींत निदान तीस टक्क्यांचे अंतर ठेवावे. १४ ऑक्टोबर १९५६ची धम्मदीक्षा ज्या गावात झाली, तिथे निळा रंग चुकणे ही छपाईची किरकोळ बाब धरली जात नाही, आणि धरली जाऊ नये. संत्र्याचे उलट आहे. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते झाडावर पुष्कळदा हिरवट-पिवळे, सालीने ढिले असते. बॅनरवर ते ऑस्ट्रेलियातून आल्यासारखे लाल-केशरी चकचकीत लागते. इथे कलावंताने वाद घालू नये.

अक्षरांचे प्रकरण दुःखद आहे. फोटोशॉपमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांची जुळणी सुरू केली नसेल तर 'हार्दिक'मधली वेलांटी पुढे सरकते, रफार खाली पडतो आणि शुभेच्छा वाचणाऱ्याला कळत नाहीत. सोपा मार्ग असा की ठळक मजकूर हाताने लिहावा. टॅब त्यासाठीच घेतला आहे. पण इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रोमन लिपीतल्या टोकदार निबाच्या लिखाणात दाब वाढवला की रेघ जाड होते. देवनागरी बोरूने वाढली. बोरूची जीभ तिरकी कापलेली असते आणि जाड-बारीक येते ते धरण्याच्या कोनातून. जोर लावण्याशी त्याचा संबंध नाही. म्हणून ब्रशचे टोक चपटे करावे, कोन पक्का करावा आणि दाबाचा पर्याय बंद करून टाकावा. ८१९२ पातळ्या एका टिचकीसरशी संपतात आणि अक्षर पहिल्यांदा मराठी दिसू लागते. या मार्गदर्शिकेतला एवढाच परिच्छेद मी गंभीरपणे लिहिला आहे.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतील. ते अ‍ॅप त्यांना पिळून, वाळवून पाठवते. वीस फूट बाय दहा फुटांचा फ्लेक्स, इंचाला ७२ ठिपके धरले तरी १७,२८० गुणिले ८,६४० ठिपके मागतो, आणि भाऊंनी पाठवलेला फोटो एखाद्या लग्नाच्या गर्दीतून कापलेला असतो, ज्यात कोणाचा तरी हात अजून त्यांच्या खांद्यावर आहे. "डॉक्युमेंट म्हणून पाठवा" हे वाक्य पाठ करावे. तरीही तोच फोटो आला तर हात पुसावा, खांदा नव्याने रंगवावा आणि त्याचे वेगळे पैसे लावावेत.

शेवटी डाव्या खालच्या कोपऱ्यात जागा सोडावी. तिथे महानगरपालिकेच्या परवानगीचा क्रमांक आणि मुदत यायची असते. महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपणास प्रतिबंध अधिनियम १९९५चा आहे. त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड आहे, आणि ज्याच्या भल्यासाठी फलक लागला तोही त्यात सापडू शकतो. बेकायदा फलकांवर मुंबई उच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१७ रोजी सविस्तर निकाल दिला. भाऊ म्हणतील, "नंबर नंतर टाकू ना, तू छापून टाक." छापू नये. क्रमांक हाती येईपर्यंत फाइल आपल्याच मशीनवर ठेवावी, आणि निम्मे पैसे डोक्यांचा क्रम ठरवायला बसण्याआधीच घ्यावेत.