सरपंचांच्या पोटातलं राजकारण

मिल्टन कीन्स, इंग्लंड
९ नोव्हेंबर २०२५

ती. आई आणि ती. बाबा यांना


आम्ही सगळे इथे खुशाल आहोत. तुमची खुशाली कळली. सरपंचांची जरा जास्तच तपशिलात कळली.

आई, तुम्ही फॅमिली ग्रुपवर टाकलेला फोटो सगळ्यांनी पाहिला. वर कुणाचा तरी ‘शुभ सकाळ’चा गुलाब, खाली वन्संच्या नातीचं बारसं, आणि मधोमध अंगणातल्या शहाबादी फरशीवर, कोवळ्या उन्हात, आपल्या कुत्र्याची, म्हणजे सरपंचांची, शी. कुणीतरी घाईघाईत त्यावर लाल बदामही टाकला. तुमच्या चिरंजीवांनी तेव्हा हातातली इडली खाली ठेवली, ती त्यांनी परत उचलली नाही.

फोटोखाली तुम्ही लिहिलंत, ‘याला भात पचत नाही. शीतं तशीच पडतायत. कोलम बंद करून इंद्रायणी सुरू करू का?’ आता मुळशीत तुमचा उभा जन्म भातलावणीत गेला, तांदळातलं तुम्हाला मी काय सांगणार! पण पाठोपाठ आलेला व्हिडिओ तुम्ही नीट बघितला नाहीत. त्यातलं एक शीत चालत होतं. चालणारा तांदूळ अजून वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातसुद्धा निघालेला नाही. ते पट्टकृमीचे तुकडे आहेत. हा जंत आतड्याला डोक्याने चिकटून बसतो आणि शेपटाकडून एकेक तुकडा सोडून देतो. प्रत्येक तुकडा अंड्यांनी भरलेला असतो. ताजा असताना वळवळतो, वाळला की पिवळट कणीसारखा शेपटीखालच्या केसांना चिकटून राहतो.

हे सगळं फोनवर का सांगितलं नाही असं विचाराल. फोनवर बाबा ‘हॅलो, हॅलो’ करतात, तुम्ही ‘हो, हो’ म्हणता आणि मग शेजारच्या काकू सांगतील ते करता. कागदावर लिहिलेलं असलं की बाबा ते फ्रिजला लावतात, आणि फ्रिजवरचं सगळं पाळतात. अपवाद फक्त साखरेचा.

तर पहिली गोष्ट, यात भाताचा दोष नाही आणि तुमच्या हाताचाही नाही. हा जंत पिसवांतून येतो. पिसवेची अळी त्याची अंडी खाते, त्या अळीची पिसू होते, सरपंच अंग चावता चावता ती पिसू गिळतात, की दोनतीन आठवड्यांत पोटात नवा सभासद दाखल. म्हणून नुसती गोळी देऊन भागत नाही. पिसवा राहिल्या तर महिन्याभरात पुन्हा शीतं दिसतील आणि तुम्ही पुन्हा तांदूळ बदलाल. त्यांच्या अंगावरच्या पिसवांचं औषध डॉक्टरांकडून घ्या. ते ज्या गोणपाटावर झोपतात ते उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात टाका. बाबांची जुनी शाल त्यांच्याखाली आहे हे मला ठाऊक आहे. तीही उकळा. बाबांना सांगू नका.

दुसरी गोष्ट वावडिंगाची. वावडिंगाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. आमच्या थोरल्यालाही तुम्ही वावडिंगाचं पाणी पाजलंत आणि तो आज सहा फूट आहे. पण सरपंचांनी तुम्ही दिलेला वावडिंगाचा काढा प्यायलाच नाही, निम्मा फरशीवर आणि निम्मा बाबांच्या पायजम्यावर गेला, असं बाबाच म्हणाले. पायजम्याला जंत नव्हते. पट्टकृमीवर प्राझिक्वांटेल नावाचं औषध असतं, ते अचूक लागू पडतं. साधी जंताची गोळी गोलकृमी मारते, पट्टकृमीला ती विचारतसुद्धा नाही. डॉक्टर सहसा दोन्ही औषधं असलेली एकच गोळी देतात. गोळी दिल्यावर जंत बाहेर पडलेले दिसतीलच असं नाही, बरेचदा ते आतच विरघळतात. तेव्हा पुरावा शोधायला काडी घेऊन बसू नका.

काकूंनी सांगितलेला लसूण मात्र अजिबात नको. कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. चातुर्मास सरपंचांनी बाराही महिने पाळायचा आहे. दिवाळीचे लाडूही बंद. बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं बिघडू शकतात, आणि कुणाला किती बेदाणे बाधतील याचा नेम नसतो. ‘एकाच बेदाण्याने काय होतंय’ हे बाबांचं वाक्य मला इथे ऐकू आलं. बाबा, नाही.

गोठेवाल्या आबांनी म्हशीचं उरलेलं इंजेक्शन देऊ केलंय, हे वाचून मात्र मी खुर्चीतून उठले. ते आयव्हरमेक्टिन असणार. औषध मोठं गुणाचं आहे. जपानमधल्या एका गोल्फ मैदानाजवळच्या मातीतल्या जिवाणूपासून ते निघालं आणि ते शोधणाऱ्या ओमुरा आणि कँपबेल यांना २०१५ साली नोबेल मिळालं. पण म्हशीच्या बाटलीतलं औषध म्हशीच्या वजनासाठी असतं. कुत्र्याला ते जास्त झालं तर पाय लटपटतात, डोळ्यांपुढे अंधार येतो, फिट येते. आमच्या शेजारणीच्या कोली जातीच्या कुत्र्याच्या कागदावर तर डॉक्टरांनी लाल शाईत इशारा लिहून ठेवलाय, कारण त्या जातीतल्या पुष्कळ कुत्र्यांना जन्मतःच ते सोसत नाही. शिवाय पट्टकृमीवर ते चालतच नाही. आबांना माझा नमस्कार सांगा आणि इंजेक्शन म्हशीलाच राहू द्या.

आता तुम्ही म्हणाल, इंग्लंडात बसून ही शहाणपण शिकवतेय. आई, इथे आमचा कुत्रा पेढा आहे ना, त्याने आम्हाला पुरेसं शिकवलंय. आपल्याकडे म्हणतात, गोगलगाय आणि पोटात पाय. इथल्या गोगलगाईच्या पोटात जंत असतात. या ओल्या देशात शंख नसलेल्या गोगलगाई बागेत, पायरीवर, कुत्र्याच्या पाण्याच्या भांड्यात, कुठेही सापडतात. त्यांच्यातून जो जंत कुत्र्यात जातो तो आतड्यात न राहता हृदयातून फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत बिऱ्हाड करतो. कुत्रा खोकतो, कधी रक्तस्राव होतो, वेळेवर कळलं नाही तर जातो. पेढा दिसेल ते तोंडात घालणारा, त्यामुळे त्याला दर महिन्याला औषध. आणि ज्यांनी गावी सूसला असताना चिखल होतो म्हणून खाचरात पाय घातला नाही, ते तुमचे चिरंजीव रात्री टॉर्च घेऊन बागेत गोगलगाई वेचत हिंडतात. शेजाऱ्यांना वाटतं ही आमची काहीतरी धार्मिक प्रथा असावी.

इथे माणसाचा दवाखाना फुकट, कुत्र्याचा नाही. विमा काढावा तर तो जंताच्या औषधाला लागू नाही, कारण ते आजारपण नसून काळजी आहे, आणि काळजीचे पैसे कुठलीच कंपनी देत नाही. गरिबांच्या जनावरांसाठी पीडीएसए म्हणून एक संस्था आहे, मारिया डिकिन नावाच्या बाईंनी १९१७ साली काढलेली. आम्ही तितके गरीब नाही, पण दवाखान्यातून बाहेर पडताना वाटतं खरं. पशुवैद्यांचे दर इतके वाढले की २०२४ साली इथल्या सरकारी स्पर्धा आयोगाला चौकशी लावावी लागली. आणि हो, इथे कुत्र्याची शी डबीत भरून टपालाने तपासायला पाठवता येते. सूक्ष्मदर्शकाखाली अंडी मोजून कळवतात. आपल्याकडे ती व्हॉट्सअ‍ॅपवर येते एवढाच फरक.

‘मग घेऊन जा त्याला तिकडेच’ असं बाबा रागाने म्हणाले, तेही पाहून ठेवलंय. आधी चिप, मग रेबीजची लस, मग तीस दिवसांनी रक्ततपासणी, मग तीन महिने थांबणं, मग विमानाने माल म्हणून येणं. आणि शेवटी काय, तर इथे पोचण्याच्या २४ ते १२० तास आधी डॉक्टरांसमोर पट्टकृमीची गोळी. बाहेरच्या कोल्ह्या-कुत्र्यांच्या पोटातल्या पट्टकृमीची एक जात या बेटावर नाही, ती येऊ नये म्हणून. आम्ही आलो तेव्हा आमची क्षयाची तपासणी झाली होती, पोटात काय आहे हे कुणी विचारलं नव्हतं. शिवाय सरपंच तिथून हलले तर गावाचं काय? २०२१ साली सूस पुणे महापालिकेत गेलं, ग्रामपंचायत संपली. आता गावात सरपंच म्हणून उरलेत ते हेच. तेही दिवसभर बाबांच्या खुर्चीत झोपतात, म्हणजे कारभार पूर्वीसारखाच चाललाय. पण महापालिका आली तसा कुत्रा पाळायचा परवानाही आला. रेबीजच्या लसीचा कागद दाखवून तो काढून घ्या.

आता तुमच्या इतर शंका. दिवाळीत त्यांना जुलाब झाले, त्यात जंतांचा हात नव्हता. तसाही जंतांना हात नसतो. कुत्र्याचं पोट भीतीनेही बिघडतं. इथे ५ नोव्हेंबरला फटाके उडतात, १६०५ साली पार्लमेंट उडवायचा एक कट फसला त्याच्या आनंदात. चारशे वर्षं झाली तरी यांचा आनंद ओसरत नाही. पेढा त्या रात्री सोफ्याखाली होता आणि सकाळी त्याचीही तीच अवस्था. दहीभात, उकळलेलं पाणी, एक दिवस आराम. दुसऱ्या दिवशी थांबलं नाही किंवा रक्त दिसलं तर दवाखाना.

ते फरशीवर बूड घासत चालतात ते बहुतेक वेळा जंतांमुळे नसतं, शेपटीखालच्या ग्रंथी भरल्यामुळे असतं. डॉक्टर दोन मिनिटांत मोकळ्या करून देतात. तुम्ही बघायला थांबू नका. गवत खाणं, नाक कोरडं पडणं, झोपेत पाय झाडणं, हे सगळं चालायचंच. आणि तुम्ही थर्मामीटर लावून ‘१०२ ताप!’ म्हणून रात्री दोन वाजता आम्हाला उठवलंत, तो ताप नव्हता. कुत्र्याचं अंग १०१ ते १०२.५ असतंच. माणसाची ताप-दुखीची गोळी त्यांना कधीही देऊ नका. (ते थर्मामीटर नंतर कुठे ठेवलंत हे मी विचारत नाही. नवीन पाठवते आहे.)

खरी भीती बाळगायची ती गोचिडींची. टेकडीवरून आले की कानामागे आणि बोटांच्या बेचक्यांत बघत जा. गोचिडीतून येणारा ताप जंतांपेक्षा कितीतरी वाईट. खाणं सुटलं, हिरड्या पांढऱ्या दिसल्या, नाकातून रक्त आलं, तर त्याच दिवशी औंधच्या सरकारी पशुसर्वचिकित्सालयात किंवा पाषाणला आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे न्या. काकूंना विचारायला थांबू नका.

रविवारी मटणाच्या दुकानापुढे सरपंचांची जी बैठक भरते, तिथे कच्चं काळीज आणि वजडी मिळते, ती बंद करा. त्यातून येणारा जंत कुत्र्याला फारसा त्रास देत नाही, पण त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात पाण्याच्या गाठी होतात. द्यायचंच तर शिजवून द्या.

इतकं सगळं आत्ता लिहायचं कारण, आम्ही डिसेंबरात येतोय. धाकटी आल्या आल्या चपला काढून अंगणात पळणार आणि सरपंचांच्या तोंडाला तोंड लावणार. गोलकृमीची अंडी मातीत पडल्यावर ती लागण करण्याजोगी व्हायला दोनेक आठवडे लागतात, मग मात्र ती वर्षानुवर्षं टिकतात. म्हणजे शी रोजच्या रोज उचलली तर अर्धं काम झालं. इथे उचलली नाही तर दंड असतो. आपल्या अंगणात दंड नाही, पण तुम्ही परसात अनवाणी भाजी खुरपता. अंकुशकृमीची अळी पायाच्या कातडीतून आत शिरते आणि वळणावळणाची खाजरी रेघ उठते. चपला घाला. तुमच्या मुलीने गेल्या वर्षी पाठवलेल्या चपला अजून खोक्यातच आहेत, हे मला माहीत आहे.

गोळीचं प्रमाण वजनावर असतं. बाबांनी सरपंचांना उचलून काट्यावर उभं राहायचं, मग एकट्याने उभं राहायचं, आणि वजाबाकी करायची. बाबांचा आकडा तुम्ही वहीत लिहून ठेवा, तोही कामाला येईल. जंतांचं एवढं मनावर घ्यायचं नाही असं वाटत असेल तर सांगते, २२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने भटक्या कुत्र्यांबद्दल जो आदेश दिला, त्यात नसबंदी आणि लस यांच्या जोडीला जंतनाशनही घातलंय. भटक्यांसाठी न्यायमूर्तींनी विचार केला, आपल्या खुर्चीत झोपणाऱ्यासाठी आपण करू.

ही गोळी याच आठवड्यात द्या. पुढची तीन महिन्यांनी, म्हणजे १० फेब्रुवारीला. तो राष्ट्रीय जंतनाशक दिन आहे, २०१५ पासून त्या सुमारास शाळांतून पोरांना गोळ्या देतात, तेव्हा तारीख लक्षात राहील. पण शाळेतली गोळी सरपंचांसाठी मागून आणू नका, त्यांची वेगळी असते.

तुमची सून