नोंद क्रमांक ४१

चालता संगणक मध्येच बंद पडतो. पडदा काळा होतो, पंख्याची घरघर थांबते आणि टाइप होत असलेलं वाक्य अर्धंच राहतं. पुन्हा सुरू केल्यावर विंडोज आपल्या दप्तरात, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, एक गंभीर नोंद करतं: स्रोत कर्नल-पॉवर, क्रमांक ४१. संगणक रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला, असं त्या नोंदीत म्हटलेलं असतं. जवळपास ६००८ क्रमांकाची नोंदही सापडते. अमक्या तारखेला अमक्या वाजता संगणक अनपेक्षितपणे बंद झाला, असं ती सांगते. समोर बसलेल्या माणसाला हे सगळं आधीच ठाऊक असतं. त्याला कारण हवं असतं. घरातली वीज क्षणभर गेली, प्रोसेसर तापला किंवा एसएमपीएसने, म्हणजे आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्याने, हात टेकले, तिन्ही वेळा नोंद ४१ हीच होते.

यंत्रावर माझा राग आहे, पण त्याहून जास्त राग त्यानंतर जे घडतं त्यावर आहे. दुरुस्तीला आलेला मुलगा पाठीवरची बॅग न उतरवताच म्हणतो, “काका, विंडोज करप्ट झालंय. फॉरमॅट मारावं लागेल.” कॅबिनेटचं झाकण उघडलेलं नसतं. संगणक केव्हा बंद पडतो, काय करताना बंद पडतो, हे विचारलेलं नसतं. फार तर रॅम काढून खोडरबराने घासली जाते आणि परत बसवली जाते.

फॉरमॅट ही किरकोळ गोष्ट असल्यासारखं बोललं जातं, ते मला मान्य नाही. सी ड्राइव्हबरोबर जुने मराठी फॉन्ट जातात. युनिकोड रुळण्याआधी त्या फॉन्टमध्ये बांधलेला मजकूर फॉन्टशिवाय उघडला, तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांच्या रांगा दिसतात. कीबोर्डची मांडणी पुन्हा बसवावी लागते. प्रिंटरचा ड्रायव्हर शोधावा लागतो, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा परवाना पुन्हा चालू करून घ्यावा लागतो. वर्डला एकेक करून शिकवलेले शब्द जातात. बॅकअप घेताना डेस्कटॉपवरचं एखादं फोल्डर सुटलं, तर ते कायमचं सुटतं. इतकं सोसूनही संगणक दोन दिवसांत पुन्हा बंद पडला, की पुढचा निवाडा तयार असतो: मदरबोर्ड गेला. विंडोज आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये तपासायच्या किती तरी जागा आहेत. त्यातल्या बहुतेकांना पैसे लागत नाहीत.

पहिली तपासणी तर इतकी सोपी आहे की ती कुणी करत नाही याचंच मला वाईट वाटतं. संगणक सुरू करायचा, विंडोज उघडण्याआधी बायोसच्या पडद्यावर जायचं आणि तसाच चालू ठेवायचा. बायोसमध्ये असताना विंडोज सुरूच झालेलं नसतं. तिथेही संगणक बंद पडला, तर विंडोज निर्दोष आहे आणि फॉरमॅटचं बोलणं तिथेच संपतं. तिथे बंद पडला नाही, तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण बायोसमध्ये यंत्रावर फारसा भार नसतो.

बंद पडणं एकाच प्रकारचं नसतं, हेही ग्राहकाला कुणी सांगत नाही. वायर उपटल्यासारखा पडदा गेला, तर संशय विजेवर किंवा उष्णतेवर. बंद होऊन आपोआप सुरू झाला, तर कदाचित निळा पडदा येऊन गेला असेल. विंडोजमध्ये बिघाडानंतर आपोआप पुन्हा सुरू होण्याची सोय मुळातच चालू ठेवलेली असते, त्यामुळे निळ्या पडद्यावरचा मजकूर वाचायला मिळत नाही. ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’मधली ती खूण काढून टाकली, की मजकूर पडद्यावर थांबतो. ४१च्या तपशिलात ‘बगचेककोड’ नावाचा आकडा असतो. तो शून्य नसेल तर निळा पडदा आलाच होता, आणि मग रॅम किंवा ड्रायव्हरकडे पाहायचं. आणि ‘शटिंग डाऊन’ असं दाखवून शांतपणे बंद झाला असेल, तर दप्तरात १०७४ ही नोंद शोधायची. कोणत्या प्रोग्रॅमने किंवा कोणत्या वापरकर्त्याने बंद करायला सांगितलं, ते तिच्यात लिहिलेलं असतं.

आमच्याकडे, नागपुरात, मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. खोलीतली हवाच इतकी तापलेली असेल, तर त्याच हवेने प्रोसेसर किती थंड होणार? बरेच इंटेल प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास स्वतःचा वेग कमी करतात. तरीही तापमान चढत राहिलं, तर प्रोसेसर मदरबोर्डला थेट वीज तोडण्याचा इशारा देतो. यात विंडोजला विचारलं जात नाही, म्हणून विंडोजच्या दप्तरात कारण उमटत नाही. उष्णतेची कारणंही साधी असतात: हीटसिंकच्या पात्यांत बसलेली धूळ, वाळून भुकटी झालेली थर्मल पेस्ट, पंख्यात अडकलेली वायर. इंटेलच्या डब्यात मिळणारा कूलर बरीच वर्षं प्लॅस्टिकच्या चार खुंट्यांवर बसत आला आहे. उभ्या कॅबिनेटमध्ये तो मदरबोर्डाला आडवा लटकलेला असतो. एक खुंटी सुटली की हीटसिंक एका बाजूने उचलला जातो आणि प्रोसेसर उघडा पडतो. माझ्या संगणकात हेच निघालं. फॉरमॅट झालं होतं, त्याचे पैसे दिले गेले होते, वर अँटिव्हायरसही गळ्यात मारला गेला होता. त्यानंतर दुसऱ्या एकाने झाकण उघडलं, बोटाने खुंटी दाबली, ‘कट्’ असा आवाज आला आणि काम झालं. झाकणाचे स्क्रू आधी कुणी काढले असते, तर माझे जुने फॉन्ट वाचले असते.

एसएमपीएसबद्दल मला विशेष बोलायचं आहे, कारण त्याच्याकडे सगळ्यांत कमी पाहिलं जातं. भिंतीतल्या २३० व्होल्टचे तो ३.३, ५ आणि १२ व्होल्ट करतो. १२ व्होल्टच्या वायरवर ११.४ ते १२.६ एवढीच सूट धरलेली आहे. व्होल्टेज बिघडलं, की राखाडी वायरीवरचा ‘पॉवर गुड’ हा इशारा जातो आणि मदरबोर्ड कामकाज थांबवतो. गेम किंवा व्हिडिओ सुरू करताच संगणक बंद पडत असेल, तर भार वाढल्यावर ही वायर किती व्होल्ट देते हे मल्टिमीटरने पाहता येतं. स्वस्त कॅबिनेटबरोबर आलेल्या एसएमपीएसवर छापलेल्या वॅटच्या आकड्यावर विसंबण्यापेक्षा हे मोजणं बरं. आणि चांगला एसएमपीएससुद्धा पूर्ण भारावर भिंतीतली वीज गेल्यावर जेमतेम १६ मिलिसेकंद तग धरतो. आपल्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं असतं. म्हणजे पंप सुरू होताना दिवा लुकलुकला, तेवढाही धक्का कधी कधी पुरतो.

त्यासाठीच यूपीएस असतो, पण त्याची बॅटरी उन्हाळ्यांगणिक मरत जाते आणि हिरवा दिवा मात्र जळत राहतो. संगणक बंद ठेवून यूपीएसवर टेबललॅम्प लावायचा आणि भिंतीतला प्लग काढायचा. लॅम्प विझला तर गुन्हेगार सापडला. यूपीएसवरचा ६०० हा आकडा व्हीएमध्ये असतो, वॅटमध्ये तो साधारण ३६० होतो. त्यावर लेझर प्रिंटर लावला की कागद निघण्याच्या क्षणी सगळंच बसतं. वीज ठीक असूनही, कॅबिनेटचं चालू-बंद करायचं बटण आत अडकलं असेल तर संगणक सुरू होऊन चारेक सेकंदांत बंद होतो, कारण बटण तेवढा वेळ दाबून धरलं की वीज तोडायची, असाच नियम आहे. बटणाची दोन वायरींची पिन मदरबोर्डवरून काढली, की तेही कळतं.

वापरणाऱ्यावर खापर फोडण्याची सवय आपल्याकडच्या गल्लीतल्या दुकानांपुरती नाही. टेक्सास विद्यापीठाच्या गणित विभागातले डेल संगणक बिघडू लागले, तेव्हा विभागाने यंत्रांना फार अवघड गणितं करायला लावली, असं कारण कंपनीने दिलं होतं. न्यूयॉर्क टाइम्सने जून २०१० मध्ये ही बातमी दिली. त्याआधीच्या काही वर्षांतल्या डेलच्या ऑप्टिप्लेक्स संगणकांच्या मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगत होते, गळत होते. डेलने त्यापायी २००५ मध्ये ३० कोटी डॉलरचा खर्च धरला होता. गणिताच्या प्राध्यापकाला गणित जास्त केल्याबद्दल बोल लावला जातो, तिथे माझ्यासारख्याला विंडोज करप्ट केल्याबद्दल लावला जाणारच. हा अन्यायच आहे.

कारण सांगणं यंत्राला अशक्य असतं, तर मी गप्प बसलो असतो. पण काही मदरबोर्ड पुढच्या वेळी सुरू होताना पडद्यावर स्पष्ट लिहितात की प्रोसेसर फार तापला होता. काही लिहितात की वीजपुरवठ्यात झटका आला होता. एका ओळीचा मजकूर, तोही बायोसमध्ये. मग तो प्रत्येक मदरबोर्डवर का नाही? आणि दुरुस्तीच्या बिलावर ‘सर्व्हिसिंग’ या एका शब्दाऐवजी तापमान किती होतं, १२ व्होल्टची वायर किती देत होती, यूपीएसने भार घेतला का, एवढ्या तीन गोष्टी का लिहू नयेत? पुढच्या खेपेला कुणाला बोलावण्याआधी मी फोनवरच विचारणार आहे, मल्टिमीटर आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन येणार आहात की फक्त पेन ड्राइव्ह.