माननीय रहिवासी पुरावा साहेब यांस



पत्र खुलं लिहितोय, कारण आपण नेमके कुठल्या खिडकीवर बसता याचा थांग लागत नाही. एक नंबरवाला तीन नंबरला पाठवतो आणि तीन नंबरवाला जेवायला गेलेला असतो. दरारा मात्र आपला शाळेपासून बँकेपर्यंत सगळीकडे.

आधी अभिनंदन. आपले धाकटे बंधू जन्मदाखला यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून बढती मिळाली. त्या दिवसापासून जन्मलेल्या मुलांच्या जन्मतारखेला, शाळाप्रवेशापासून आधारपर्यंत, आता तेच एकटे पुरावा. पुलाखाली जन्मलेल्या पोराची नोंद वर्षभरात झाली नाही, तर आईने मॅजिस्ट्रेटचा आदेश आणायचा. सोपंच आहे. सिग्नल लाल झाला की ती गजरे विकेल आणि हिरवा झाला की तहसीलला जाऊन येईल.

शिक्षणहक्क कायद्याचं कलम १४ म्हणतं, वयाच्या दाखल्यावाचून कुणाचा प्रवेश अडवू नका. २०१० पासून म्हणतंय बिचारं. पण शिक्षकांची पदं ठरतात आधार जुळलेल्या पटावर, त्यामुळे बिनआधाराचं पोर पाहिलं की मुख्याध्यापकांच्या कपाळाला आठी पडते. कायदा न मोडता आपलं काम करवून घेण्याची ही हातोटी मानली पाहिजे.

ठाण्यात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ पासून कंटेनरमध्ये सिग्नलवरच्या मुलांसाठीची सिग्नल शाळा भरते. महापालिका आणि समर्थ भारत व्यासपीठाने हा उद्योग आपल्याला न विचारताच केला. शाळाच मुलांकडे चालत गेली, मुलं दहावी झाली. असल्या मुलाचा फॉर्म कधी भरून पाहा. घर क्रमांक? खांबाचा चालेल? विंग कुठली, मुंबईकडे जाणारी की नाशिककडे? मजला तळाचा, छत सरकारी.

दुष्काळी भागातून आलेली पारधी कुटुंबं अशा पुलांखाली बरीच असतात. त्यांना जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा कागद लागतो. इंग्रजांनी या माणसांना जन्मजात गुन्हेगार ठरवलं होतं, देशभरातून तो शिक्का पुसला गेला १९५२ साली. म्हणजे आपण ज्या काळातला पत्ता मागता, त्या काळात यांची नोंद इमानेइतबारे ठेवणारं एकच कार्यालय होतं, पोलीस ठाणं. आजोबांची तिथली हजेरी आपल्याला चालेल का, तेवढं कळवा.

मोजदादीतही आपला हात दिसतो. २०१३ साली टाटा समाजविज्ञान संस्था आणि अ‍ॅक्शनएडच्या माणसांनी एकट्या मुंबईत रस्त्यावरची ३७,०५९ मुलं मोजली. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे सरकारी पोर्टलचा आकडा आला, अख्ख्या देशात १७,९१४. अंदाज मात्र पंधरा ते वीस लाखांचा! एकटी, आईबापांवाचून राहणारी मुलं म्हणे ८३४. हा आकडा भरणाऱ्याने कल्याण स्टेशनवर एक रात्र काढावी, चहा माझ्याकडून.

योजना नाहीत असं कोण म्हणतं? बालसंगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपये मिळतात. त्यासाठी रेशनकार्ड आणि रहिवासी दाखला जोडायचा, म्हणजे ज्याला घर आहे त्याने रस्त्यावरच्या मुलांसाठीची मदत जरूर घ्यावी. बालगृहात वाढलेल्या पोराला अठराव्या वाढदिवसाला निरोप मिळतो. पुढे एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यानंतरच्या आधाराची, सोय कायद्यात आहे, मिशन वात्सल्यमध्ये महिना ४,००० रुपयेही आहेत. ते जमा होतात बँक खात्यात, आणि खातं उघडायला केवायसी लागतं. तिथे काउंटरमागे परत आपणच, हसतमुख.

आपल्यावाचून जगच चालत नाही असं मात्र समजू नका. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देहविक्रय करणाऱ्या महिलांना पत्त्याचा पुरावा न मागता, अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर आधार द्यायला सांगितलं, आणि आधार प्राधिकरणाने तशी तयारी आधीच दाखवली होती. तशीच एक सही बालकल्याण समितीच्या अध्यक्षांची किंवा पुलाखालच्या शाळेच्या मुख्याध्यापकांची का चालू नये? या मुलांना रोज पाहणारी माणसं तीच. आपण एकदा रजा टाका. साठलेली असेलच.

कळावे, लोभ नसला तरी चालेल.

आपला,
एक पक्क्या पत्त्याचा नागरिक

ता. क. : १९५९च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्यात, उपजीविकेचं साधन दिसत नसताना सार्वजनिक जागी भटकणाऱ्यालाही भिकारी धरलं आहे आणि वॉरंटशिवाय उचलायची मुभा आहे. पाहुणे यायचे असले की पोलिसांची गाडी अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांना बरोबर हुडकून काढते. तेव्हा त्यांचा पत्ता सगळ्यांना ठाऊक असतो, खांब क्रमांकासकट.