पुढच्या वर्षीचा टॉर्क

सायकलीवर मत द्यायला आधी सायकल असावी लागते, असं ज्यांना वाटतं त्यांना आपल्याकडे मतं कशी तयार होतात याची कल्पना नाही. इलेक्ट्रिक माउंटन बाइकच्या, म्हणजे ई-एमटीबीच्या, आगामी मॉडेलांबद्दल सगळ्यांत निर्मळ, निःस्वार्थी आणि तावातावाचं मत कुणाचं असतं? ज्याची ती घ्यायची ऐपत नाही, ज्याच्या गुडघ्यात दम नाही आणि जो पायथ्याशी चहा पिऊन परत येण्यालाच डोंगरावर जाणं म्हणतो, त्याचं. म्हणजे माझं. ज्याने लाखांनी पैसे मोजलेत त्याला आपल्या खरेदीची बाजू घ्यावीच लागते, आणि विकणाऱ्याचं पोट त्यावर असतं. मी मात्र कुणाचाही मिंधा नाही. फ्रँकफुर्टच्या सायकल-प्रदर्शनात कोणती मोटर येणार, तिचा टॉर्क किती, बॅटरी बाहेर निघणार की फ्रेममध्येच राहणार, या सगळ्यावर माझी मतं पक्की आहेत, आणि वस्तू बाजारात येण्याच्या आधीपासून पक्की आहेत. वस्तू आल्यावर मत बनवणं कुणालाही जमतं.

या क्षेत्रातल्या अफवा बहुतेक खऱ्या निघतात, हे आधी मान्य करायला हवं. त्याचं कारण सायकलीच्या पोटातच आहे. चांगल्या ई-एमटीबीची मोटर चाकात नसते, दोन पेडलांच्या मधोमध, क्रँकचा दांडा जिथून आरपार जातो तिथे बसते. मोटर बनवणार बॉश, शिमानो किंवा यामाहा, आणि तिच्याभोवती फ्रेम बांधणार दुसऱ्याच डझनावारी कंपन्या. मोटरचा आकार, बोल्टांची भोकं, बॅटरीची लांबी हे सगळं ठरल्याशिवाय कार्बन फ्रेमचा साचा कापता येत नाही, आणि साचा महागडा असल्याने तो अंदाजाने कापत नाहीत. म्हणजे मोटर जाहीर होण्याच्या कितीतरी आधी तिची रेखाचित्रं अनेक कंपन्यांच्या टेबलांवरून फिरून कारखान्यांपर्यंत पोचलेली असतात. पेटंटचे अर्ज साधारण दीड वर्षाने आपोआप उघडे होतात, ते वेगळंच. त्यात एखादा स्पर्धक मोटरवर काळी पट्टी चिकटवून शर्यतीत उतरतो. पट्टी नसती तर कुणी तिकडे बघितलंही नसतं. इतक्या माणसांना ठाऊक असलेलं गुपित फुटत नाही असं फक्त आपल्या बँकेच्या लॉकरबाबतच आपण मानतो.

तेव्हा बातमी खरी असते. तिच्यावरचं आमचं मत मात्र जवळजवळ नेहमीच चुकीच्या गोष्टीवर असतं, असं माझं म्हणणं आहे. बॉशच्या ‘परफॉर्मन्स लाइन सीएक्स’ या मोटरचं उदाहरण घ्या. २०२० मध्ये तिचा टॉर्क ८५ न्यूटन-मीटर झाला. पुढची पिढी येणार, येणार अशी कुजबुज बराच काळ चालली आणि २०२४ मध्ये ती आली. टॉर्क ८५! कमाल ताकद ६०० वॉट, वजन २.८ किलो. त्याच उन्हाळ्यात ड्रोन बनवणाऱ्या डीजेआय या चिनी कंपनीने फ्रँकफुर्टच्या युरोबाइक प्रदर्शनात ‘अविनॉक्स’ नावाची मोटर मांडली होती. वजन अडीच किलोच्या आसपास, टॉर्क १०५, आणि बूस्ट दाबलं की थोडा वेळ १२० न्यूटन-मीटर आणि १,००० वॉट. झालं! जर्मन अभियांत्रिकी संपली, मोटरचा शतकभराचा अनुभव एका ड्रोनवाल्याने धुळीला मिळवला, अशी मतं निघाली. मग २०२५ च्या जुलैत बॉशने त्याच मोटरला सॉफ्टवेअरची सुधारणा दिली आणि टॉर्क १०० झाला, ताकद ७५० वॉट. धातू तोच, दाते तेच, बोल्टही तेच. वर्षभर जी मोटर मागासलेली म्हणून आम्ही निकालात काढली होती, ती फोनवरून पुढारली.

खरा बदल जो झाला होता त्याकडे आमचं लक्षच नव्हतं. आधीच्या पिढीची सीएक्स उतारावर खडखडायची. चढावर मोटरवर भार असतो, आतले दाते एकमेकांना घट्ट भिडून फिरतात, आवाज येतो तो नुसता गुणगुणण्याचा. उतार लागला, पेडलं थांबली, की भार सुटतो. मग प्रत्येक दगडागणिक आतले सैल भाग एकमेकांवर आपटतात, आणि पत्र्याच्या डब्यात सुपाऱ्या घालून तो एसटीच्या मागच्या सीटखाली ठेवावा तसा नाद डोंगरभर जातो. माणूस तासभर घाम गाळून, किंवा मोटरला गाळायला लावून, वर जातो ते उतरण्याच्या सुखासाठी, आणि त्या सुखाला ही साथ! नव्या पिढीत तो खडखडाट गेला. ज्यांनी ती चालवली त्यांना हे पहिल्याच उतारावर कळलं. आम्हाला कळायचं कारण नव्हतं, कारण शांततेचा न्यूटन-मीटर अजून निघालेला नाही.

आता टॉर्कचा विषय निघालाच आहे तर थोडं आडवळण. आगामी मोटरचा टॉर्क १२० असणार म्हणून ज्यांची झोप उडते त्यांनी एक साधा हिशेब करून बघावा. टॉर्क म्हणजे जोर गुणिले अंतर. क्रँकची लांबी साधारण १६५ मिलिमीटर. त्या क्रँकच्या टोकावर, ती आडवी असताना, ७५ किलोचा माणूस नुसता उभा राहिला, काहीही न करता, मनात बिलाचे विचार घेऊन, तरी त्याच्या वजनानेच १२० न्यूटन-मीटरच्या वर टॉर्क पडतो. म्हणजे डीजेआयच्या अभियंत्यांनी जे साधलं ते आपल्याला जन्मजात साध्य आहे, आणि दर दिवाळीनंतर त्यात भर पडते. नव्वद किलोचा माणूस १४५ च्या पुढे जातो. श्रीखंडाची वाटी पुढे सरकवताना ‘नको’ म्हणणाऱ्याला यापुढे सांगता येईल की ही सुधारणा आहे आणि तिला सॉफ्टवेअरही लागत नाही. मी स्वतः गेल्या दशकात प्रत्येक हंगामात थोडा थोडा टॉर्क वाढवत आणलेला आहे, त्याची मात्र कुठे बातमी फुटली नाही.

जाणकार इथे हरकत घेतील, आणि ती रास्त आहे. पेडल वरच्या आणि खालच्या टोकाला असतं तेव्हा वजनाचा काही उपयोग नसतो, त्यामुळे पूर्ण फेरीची सरासरी काढली तर ७५ किलोवाल्याचे १२० उतरून ऐंशीच्या खाली येतात. शिवाय टॉर्क म्हणजे ताकद नव्हे. ताकद हवी तर तो जोर फिरवतही ठेवावा लागतो, मिनिटाला ऐंशी वेळा, आणि तिथे श्रीखंड आपलं खरं रूप दाखवतं. मिनिटाला ऐंशी फेऱ्या आणि १२० न्यूटन-मीटर यांचा गुणाकार साधारण १,००० वॉट होतो. चांगला तयारीचा हौशी सायकलस्वार तासभर २०० ते ३०० वॉट रेटू शकतो. मोटर आपल्याला हरवते ती दमात. टॉर्कमध्ये आपण अजिंक्य आहोत आणि तो आकडा मी सोडणार नाही.

दुसरी हरकत अशी की, अरे बाबा, खड्या चढावर जास्त ताकद कामाची असतेच. असते. पण किती? माणूस आणि सायकल मिळून १०० किलोंचा ऐवज धरला तर तो १,००० मीटर वर उचलायला सुमारे २७२ वॉट-तास लागतात. हा भौतिकीचा हिशेब आहे, यात ब्रँड चालत नाही. समुद्रसपाटीपासून कळसूबाईच्या उंचीइतकं, म्हणजे १,६४६ मीटर, चढायचं तर साधारण ४५० वॉट-तास, आणि वाटेत उष्णतेत जाणारी तूट धरली तरी सहाशेच्या आसपास. तेसुद्धा पायांनी अजिबात कष्ट न घेता. आजच्या ८०० वॉट-तासांच्या बॅटरीत हे बसतं. मोटर दुप्पट ताकदीची केली म्हणून डोंगर ठेंगणा होत नाही. बॅटरी लवकर संपते आणि ओल्या मुळांवर मागचं चाक जागच्या जागी फिरतं, एवढंच. अवघड चढावर चालवणारा मोटरकडून जे मागतो ते म्हणजे त्याने पेडलवर पाय टेकताच तिने हळुवार उठावं आणि पाय काढताच सोडावं. याला आकडा नाही, आणि आकडा नाही तर अफवेला धरायला शेपूटच नाही.

शिवाय या आकड्यांच्या चढाओढीला कायद्याची एक गंमत आहे. युरोपात ई-सायकलला मोटरगाडी न मानता सायकल मानतात, त्यासाठी मोटरची सततची ताकद २५० वॉटपर्यंतच हवी आणि ताशी २५ किलोमीटरनंतर तिने मदत थांबवायला हवी. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांतही तोच बेत आहे, फक्त अर्ध्या तासाच्या ताकदीचं माप लावून. यातली मेख ‘सततची’ या अटीत आहे. क्षणभराच्या ताकदीवर युरोपीय नियमाने मर्यादाच घातलेली नाही. त्यामुळे १,००० वॉट उसळणारी मोटर कागदावर २५० ची असते, आणि ते खोटंही नसतं. जर्मनीतल्या सायकल उद्योगाच्याच संघटनेने २०२५ मध्ये सुचवलं की कमाल ताकद ७५० वॉटवर थांबवा आणि पायाच्या एका वाट्याला मोटरचे साधारणपणे चारच वाटे द्या. बॉशच्या त्या सुधारणेतही ७५० वॉट आणि ४०० टक्के हेच आकडे आहेत. भीती उघड आहे. सायकल फार जोरात पळायला लागली तर उद्या कुणीतरी म्हणेल की ही मोपेडच, तिला नंबरप्लेट लावा, विमा काढा आणि जंगलातल्या वाटेवरून बाहेर काढा. प्रतिस्पर्ध्याला मागे टाकण्याची सोय बघूनही या मागण्या होत असतील, इतका संशय घ्यायचा माझा हक्क मी राखून ठेवतो. पण भीती खरी आहे. आम्ही घरी बसून आणखी वीस न्यूटन-मीटर मागतो आणि त्याची किंमत आल्प्सच्या वाटेवरच्या माणसाने मोजायची.

त्या माणसाबद्दल दोन शब्द बोलायला हवेत. ई-एमटीबी ज्याच्यासाठी खरोखर मोठी गोष्ट आहे तो अनेकदा साठीचा असतो. गुडघा बदललेला किंवा डॉक्टरांनी छातीचे ठोके मोजून दिलेले, आणि जो डोंगर सोडून बसला होता तो या मोटरमुळे आपल्या मुलांच्या मागोमाग पुन्हा वर जाऊ लागला. त्याची सायकल पाच-सहा वर्षांची असते, उत्तम चालते, आणि तिच्याबद्दल कुणाचंही काहीही मत नसतं. बॉशने २०२१ मध्ये नवी ‘स्मार्ट सिस्टिम’ आणली तेव्हा तिच्या बॅटऱ्या आणि डिस्प्ले जुन्या प्रणालीला चालत नव्हते. जुनी बॅटरी दमली की त्याने जुन्याच जातीची शोधायची. २०२३ च्या जुलैत व्हॅनमूफ ही डच कंपनी दिवाळखोरीत गेली. तिच्या सायकली शहरातल्या, पण धडा सगळ्यांना लागू. सायकल ॲपवर चालणारी, आणि सर्व्हर बंद पडला तर ती आपल्याला ओळखेल का, या धास्तीने मालक आपापल्या सायकलीच्या डिजिटल किल्ल्या उतरवून घेत होते. दुसऱ्याच एका कंपनीने घाईने त्यासाठी ॲप काढून दिलं. पुढच्या वर्षीच्या मोटरची रेखाचित्रं शोधून काढणाऱ्या या एवढ्या मोठ्या हेरखात्यात, हिचे बेअरिंग २०३२ मध्ये मिळतील का, ही आतली खबर आणणारा एकही हेर नाही. याचा मला मनापासून राग येतो. चालत्या सायकलीला आम्ही नुसत्या कुजबुजीने म्हातारी करून ठेवतो, तीही दुसऱ्याच्या.

अफवांचा एक फायदा आहे, असं कुणी म्हणेल. नवीन येणार म्हटलं की जुनं स्वस्त होतं. होतं खरं. कोरोनाकाळात सायकलींना अतोनात मागणी आली, कंपन्यांनी त्या भरात ऑर्डरी दिल्या, आणि माल आला तेव्हा मागणी ओसरली होती. २०२३-२४ मध्ये युरोप-अमेरिकेत गोदामं तुंबली आणि सवलतींचा पाऊस पडला. पण तो पाऊस साठ्यामुळे पडला, आमच्या मतांमुळे नव्हे, हे कितीही जिवावर आलं तरी मान्य करतो. आणि त्याच उतरत्या बाजारात यामाहाने अमेरिकेतली आपली ई-सायकलविक्रीच आवरती घेतली. सवलतीत घेतलेल्या सायकलीचा विक्रेताच उद्या राहिला नाही, तर वाचलेल्या पैशांत सुटा भाग मिळतोच असं नाही.

खरं तर भविष्याबद्दलची एक पक्की बातमी उपलब्ध आहे. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून ई-सायकलची बॅटरी, आतल्या एकेका सेलसकट, कंपनीबाहेरच्या स्वतंत्र कारागिरालाही काढता-घालता येईल अशी हवी, आणि मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यानंतर किमान पाच वर्षं ती बॅटरी सुट्या भागात वाजवी दरात मिळायला हवी. हे कुणी फोडलेलं नाही, राजपत्रात छापून आलेलं आहे, तारखेसकट. कदाचित म्हणूनच यावर कुणी कुणाशी भांडल्याचं माझ्या कानावर नाही. मीसुद्धा नाही भांडलेलो. मोटरमध्ये दोन गियर आपोआप बदलणार, अशी एक आतली खबर आहे, तिचं आधी बघतो.