चिरंजीवांच्या शर्यतीविषयी खुलासा

लिंकन, नेब्रास्का

तीर्थरूप अण्णांस,

कुकरच्या शिट्ट्या मोजत हे पत्र लिहीत आहे. नातू मोटारींच्या शर्यतीत जीव द्यायला निघाला, असा आईने काल फोनवर जो आकांत केला, त्याचा रीतसर खुलासा करणे प्राप्त आहे. बातमी धाकट्या काकींमार्फत पोहोचली असल्यास निम्मा मजकूर वजा करावा. कोंबडी नेणाऱ्या बोक्याला बिबट्या ठरवून त्यांनी अख्खी आळी रात्रभर जागवली होती, हे आपण विसरला नसालच.

येथे जुन्या हवाई तळाच्या काँक्रीटवर नारिंगी शंकू मांडून नागमोडी वाट आखतात आणि घड्याळ लावून गाड्या एकेक करून सोडतात. शंकू पाडला की दोन सेकंद दंड. आपल्या घाटातल्या बैलगाडा शर्यतीप्रमाणेच गाडा एकटा सुटत असल्याने टकरीचे भय नाही, हे आईस समजवावे. फरक इतकाच, की आपल्याकडे बारी झाल्यावर सेकंद पाहून पहिला नंबर की तिसरा हे ठरते. येथे गाडी सुटण्यापूर्वीच तिचे कूळ आणि अंगावरचे दागिने तपासून वर्ग मुक्रर होतो. 'स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका' या १९४४ सालच्या संस्थेचे नियमांचे दप्तर घोडेगावच्या कचेरीलाही लाजवील. जवळजवळ कारखान्यातून निघाल्या तशाच गाड्यांचा 'स्ट्रीट' विभाग, त्यात सुपर स्ट्रीट व ए ते एच असे पोटवर्ग; चिरंजीवांची जुनी दोन आसनी मियाटा ई स्ट्रीटमध्ये, तर तिची आजची धाकटी बहीण सी स्ट्रीटमध्ये.

आता संतापाची बाब. चिरंजीवांनी स्वस्तात मिळाली म्हणून मूळच्यापेक्षा अर्धा इंच रुंद चाके आणली. चाकाचा व्यास एक इंच वाढवा वा घटवा, हरकत नाही. पण रुंदी तसूभर बदलली की गाडी 'स्ट्रीट'मधून बडतर्फ, आणि स्प्रिंगांपासून बरेच काही बदललेल्या गाड्यांच्या 'स्ट्रीट टूरिंग' विभागात दाखल! ती चाके सध्या गॅरेजात आईच्या कुरडयांच्या खोक्याखाली चौरंगाचे काम करीत आहेत. (कुरडया पोहोचल्या, अर्ध्या अखंड, अर्ध्या भुगा.) मी आपली घरची उंच व्हॅन सुचवली, तर चाकांमधील अंतराच्या मानाने उंची जास्त असलेली वाहने उलटण्याच्या धास्तीने मुळातच वर्ज्य.

निरनिराळ्या वर्गांची तुलना करायची झाल्यास प्रत्येकाच्या वेळेला त्या वर्गाच्या गुणकाने गुणतात, त्यामुळे मंद गाडीचा मालकही सर्वांत पहिला येऊ शकतो. २०१४ च्या शर्यतबंदीत दावणीलाच म्हातारा झालेल्या आपल्या सर्ज्या बैलाला असा गुणक मिळता, तर तात्यांनी गावजेवण घातले असते.

तपासनिसाच्या हुकमाने गाडीतले सुटे सामान बाहेर काढावे लागते: पायपुसणी, पाण्याची बाटली आणि आईने दिलेला काचेपाशचा गणपती. तो ओंजळीत धरून मी उन्हात उभा असतो. भोंग्यावरून सेकंद पुकारले की पोटात एकदम कालवते. इतके सेकंद ऐकायचे, आणि ना हलगी, ना भंडारा, ना कोणी 'भिर्रर्र' म्हणणारा. अशा वेळी हे लोक शिस्तीत टाळ्या वाजवतात, त्याचा फार राग येतो.

तात्यांनी नवी खिलार जोडी घेतल्याचे कळले. पैसा कोठून आला, हे विचारू नये. मात्र सरकारी मोजणी होईपर्यंत बांधाच्या कागदावर आपण सही करू नये, काकी कितीही रडल्या तरी. डिंभे धरणाच्या पाण्याचे आवर्तन सुटले का, ते कळवावे. कुकर उतरवतो.

आपला आज्ञाधारक,
बाळू